घरच्या दप्तराची दुसरी प्रत

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें जुनीं आहेत त्यांच्या माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या कोनाड्यांत एखादी तांबड्या फडक्यांत बांधलेली पोथी, एखादें जन्मटिपणांचें बाड आणि पत्र्याच्या पेटींत जमीनजुमल्याचे कागद निघण्याचा संभव आहे. हें दप्तर कोणीं संभाळावें, त्यास वाळवी लागूं नये म्हणून पावसाळा सरल्यावर ऊन केव्हां दाखवावें, याचा घरोघर कांहीं ठराव असे. हल्लीं तें दप्तर घरांतील संगणकांत जाऊन बसलें आहे. मुलांचीं छायाचित्रें, मुंजीलग्नांचे व्हिडिओ, इन्कमटॅक्सचीं विवरणपत्रें, सातबाराचे उतारे, आजोबांच्या पत्रांच्या काढून ठेवलेल्या प्रतिमा, परदेशीं असलेल्या लेकीजांवयांचीं पत्रें, हें सारें एका हातभर यंत्रांत सामावलेलें असतें. आणि त्यास ऊन दाखविण्याचा ठराव मात्र फारच थोड्या घरांत झालेला आढळतो.

हा विषय आम्हीं हातीं घेतला त्यास कारण आमच्याच घरचा एक प्रसंग आहे. आपल्या घरचा हलगर्जीपणा चारचौघांत सांगावा असें कोणास वाटेल? परंतु ज्या चुकीचें फळ आम्हांस भोगावें लागलें ती चूक आमच्या ओळखीच्या घरांपैकीं निदान निम्म्या घरांत आजही चालू आहे, असें चौकशीअंतीं दिसून आल्यामुळें संकोच बाजूस ठेवणें भाग आहे.

आमचे थोरले काका नोकरींतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षें आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पुरवणी तयार करीत होते. छापील कुलवृत्तांत आमच्या आजोबांच्या पिढीशीं येऊन थांबतो. तेथून पुढें कोंकणांतील मूळ गांवीं राहिलेली शाखा, सांगलीची शाखा, बडोद्यास व ग्वाल्हेरीस गेलेल्यांचे वंशज आणि अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मुलें, या सर्वांशीं पत्रव्यवहार करून काकांनीं माहिती जमविली होती, व ती स्वतः टंकलिखित करून लॅपटॉपवर नीट लावून ठेविली होती. त्याच लॅपटॉपवर आणखी एक ठेव होती. आमची आजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं वारली. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्या वहिनींनीं तिच्याजवळ बसून जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं व भोंडल्याचीं गाणीं तिच्याच आवाजांत मोबाइलवर उतरून घेतलीं होतीं. असे एकंदर बत्तीस तुकडे होते.

लॅपटॉप भरत आला तेव्हां आमच्या पुतण्यानें बाहेरून जोडावयाची एक हार्डडिस्क आणली, सगळा जुना मजकूर तींत उतरविला आणि लॅपटॉपांत जागा व्हावी म्हणून मूळचा मजकूर पुसून टाकला. “आजोबा, आतां काळजी नको, सगळें या डबींत सुरक्षित आहे,” असें त्यानें काकांना सांगितलें, व आम्हां सर्वांस तें पटलें. पुढें सात महिन्यांनीं, गणपतीच्या दिवसांत घर पाहुण्यांनीं भरलेलें असतां, टेबलावर चालू असलेल्या त्या डबीच्या वायरींत एका लहान मुलाचा पाय अडकला आणि ती फरशीवर पडली. उंची अवघी अडीच फूट. पुन्हां जोडून पाहतों तों आंतून घड्याळासारखी टक् टक् ऐकूं येऊं लागली आणि लॅपटॉपवर कांहींच दिसेना. मुलास कोणी रागावलें नाहीं. रागवावें तर कोणावर, हेंच कोणास कळेना.

ती डबी मुंबईच्या एका तज्ज्ञाकडे पाठविली. त्यानें तिच्या मूळ किंमतीच्या कित्येकपट रक्कम घेतली व मजकुराचा सुमारें तिसरा हिस्सा परत दिला. कुलवृत्तांताचा एक जुना खर्डा काकांनीं सांगलीच्या आपल्या चुलतभावास ई-मेलनें पाठविला होता, तो सांपडला. आजीच्या बत्तीस तुकड्यांपैकीं नऊ वहिनींनीं पूर्वीं आत्याबाईंना व्हॉट्सअॅपवर धाडले होते, तेवढे आत्याबाईंच्या मोबाइलमध्यें निघाले. बाकीचे गेले. काकांनीं चार दिवसांनीं वही काढली आणि राहिलेल्या नोंदी पत्रें घालून पुन्हां मागविण्यास आरंभ केला. ओव्या पत्र घालून मागवितां येत नाहींत.

आतां या प्रसंगांत दोष कोणता, हें नीट पाहिलें पाहिजे. डबी पडली हा दोष नव्हे, वस्तु पडावयाच्याच. दोष हा कीं, ती दुसरी प्रत नव्हतीच. मूळ पुसून टाकल्याक्षणीं ती डबी हीच एकुलती एक प्रत झाली होती, व तीही मूळ जागेपेक्षां अधिक नाजुक जागीं. बाहेरची हार्डडिस्क घेतली म्हणजे बॅकअप झाला, हा समज इतका सार्वत्रिक आहे कीं दुकानदारही गिऱ्हाइकास तो काढून टाकण्यास सांगत नाहीं. बॅकअप ही वस्तूचें नांव नसून स्थितीचें नांव आहे. एकच मजकूर दोन निरनिराळ्या ठिकाणीं एकाच वेळीं असणें ही ती स्थिति होय.

आपल्याकडील जुन्या लेखकांस हें पुरतें ठाऊक होतें. पोथीच्या शेवटीं तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून हिला जपा, अशी विनवणी करण्याची त्यांची चाल होती. परंतु त्या विनवणीवर विसंबून न राहतां ते दुसरी पोथी लिहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली ती काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या निरनिराळ्या लिप्यांतील हजाराहून अधिक हस्तलिखितें जमवून. एका ठिकाणची प्रत कसरीनें खाल्ली तर दुसऱ्या ठिकाणची शिल्लक होती, म्हणून तें काम होऊं शकलें.

यंत्रयुगांतील मोठमोठ्या लोकांचीही गत आमच्यासारखीच झालेली आहे. अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत १९९८ सालीं ‘टॉय स्टोरी २’ हा बोलपट तयार होत असतां कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेनें चित्रांच्या फाइली भराभर नाहींशा होऊं लागल्या. बॅकअप काढून ठेवण्याची व्यवस्था तेथें होती. पण ती फितींवर नीट उतरत नव्हती, हें गरज पडल्यावर कळलें. सुदैवानें गॅलिन सुसमन या तेथील अधिकारी बाईंना नुकतेंच मूल झालें असल्यामुळें त्या घरून काम करीत व त्यासाठीं त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत नेऊन ठेविली जात असे. त्या संगणकास पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून जपून आणलें आणि चित्रपटाचा फार मोठा भाग परत मिळाला. बाळंतिणीच्या घरानें कारखाना वांचविल्याचें हें उदाहरण आमच्या वाचक-भगिनींस आवडेल अशी आमची खात्री आहे.

पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें आपल्या व्यवसायबंधूंसाठीं एक सोपा हिशेब घालून दिला, तो आतां सर्वत्र मान्य झाला आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. संगणकांतील मूळ ही पहिली प्रत धरली तर आणखी दोनच करावयाच्या उरतात. म्हणजे हें कांहीं फार मोठें ओझें नाहीं.

तर मग त्या प्रती कशावर कराव्या? बाजारांत गेलें असतां मुख्यतः तीन वस्तु पुढें येतात : फिरत्या चकत्यांची हार्डडिस्क, एसएसडी आणि पेनड्राइव्ह.

हार्डडिस्क ही यांतील सर्वांत वडील. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली डिस्क काढली तेव्हां तींत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या घरांत होतें, आणि सामावत होतीं अवघीं पन्नास लक्ष अक्षरें. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एका चांगल्या छायाचित्रानें ती भरली असती. आजची डिस्क तळहाताएवढी झाली आहे, पण आंतील युक्ति तीच आहे. लोहचुंबकीय लेप दिलेली चकती मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते, आणि तिच्यावरून एक बारीक टोंक मजकूर वाचीत व लिहीत फिरतें. तें टोंक चकतीस टेंकत नाहीं. हवेच्या पातळ थरावर कांहीं थोड्या नॅनोमीटर अंतरानें तरंगतें. माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भागही त्याहून पुष्कळ मोठा होईल. चालू डिस्क पडली म्हणजे हें टोंक चकतीवर आपटतें आणि लेप खरवडला जातो. आमच्या घरीं जी टक् टक् ऐकूं आली ती या बिचाऱ्या टोंकाची आपली जागा शोधण्याची धडपड होती. अशा वेळीं डिस्क पुनःपुन्हां लावून पाहणें म्हणजे खरवडण्यास मदत करणें होय; तिची वायर काढावी व ती तशीच जाणत्याकडे न्यावी. आम्हीं ती सहा वेळां लावून पाहिली.

बंद असतांना मात्र हीच डिस्क पुष्कळ सोशीक असते, व कपाटांत वर्षानुवर्षें ठेवलेला मजकूर चुंबकीय रूपांत चांगला टिकून राहतो. शिवाय जागेच्या मानानें ती सर्वांत स्वस्त. म्हणून घरच्या दप्तराच्या पहिल्या राखीव प्रतीसाठीं आमची शिफारस अद्यापि हार्डडिस्कचीच आहे. अट एवढीच कीं ती चालू असतांना टेबलाच्या कडेस ठेवूं नये, पोरांच्या वाटेंत वायर सोडूं नये, आणि काम होतांच तिला रीतसर निरोप देऊन, म्हणजे संगणकास तसें सांगून मगच काढावी.

एसएसडींत फिरणारें असें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानें १९८४ सालीं ज्या फ्लॅश स्मृतीची माहिती जगापुढें मांडली तिचीच ही वाढलेली आवृत्ति आहे. विजेचा सूक्ष्म भार लहान लहान कोठड्यांत कोंडून मजकूर साठविला जातो. ती पडल्यानें सहसा बिघडत नाहीं, आवाज करीत नाहीं, आणि हार्डडिस्कच्या कित्येकपट वेगानें काम करते. वारंवार प्रवास करणाऱ्यांनीं तीच घ्यावी. परंतु कोंडलेला भार हा कोंडलेल्या अत्तरासारखा असतो. वीज न मिळतां पडून राहिल्यास तो हळूं हळूं उडत जातो, व उष्णतेनें अधिक लवकर उडतो. लिहून लिहून आपलें आयुष्य संपत आणलेल्या एसएसडीनें वीज नसतां ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत निदान एक वर्ष मजकूर धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा या धंद्याच्या मानकांत घरगुती वापराच्या मालाकडून केलेली आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ धरील यांत शंका नाहीं. तथापि नागपूरच्या वैशाखांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत ती टाकून द्यावी आणि दहा वर्षांनीं नातवाच्या मुंजींत काढावी, हा तिचा उपयोग नव्हे. तसेंच ती बिघडते तेव्हां बहुधा पूर्वसूचना न देतां एकदम बिघडते, व तींतून मजकूर परत काढणें हार्डडिस्कपेक्षांही कठीण जातें. किंमतही तेवढ्याच जागेस दुपटीहून अधिक पडते.

पेनड्राइव्हविषयीं फार लिहावेंसें वाटत नाहीं. एका घरांतून दुसऱ्या घरीं चार फाइली नेण्यास तो उत्तम; दप्तर ठेवण्यास नव्हे. त्यांत हलक्या प्रतीची स्मृति वापरलेली असते, आणि तो धोतराच्या कनवटीस काय किंवा शर्टाच्या खिशांत काय, परीटघडीस जाण्याचा संभव फार. रस्त्यावर किंवा अनोळखी विक्रेत्याकडून अल्प किंमतींत जे प्रचंड जागेचे पेनड्राइव्ह मिळतात त्यांतील पुष्कळांची जागा खोटी असते : संगणकास ते मोठा आंकडा सांगतात, पण ठराविक मर्यादेपुढें भरलेला मजकूर मुकाट्यानें गिळून टाकतात. नवें साधन आणल्यावर तें एकदां पूर्ण भरून परत वाचून पाहणारे मोफत प्रोग्राम मिळतात. घरांतील तरुण मंडळींकडून तेवढी परीक्षा अवश्य करवावी.

सीडी व डीव्हीडींचा काळ सरला. ज्यांच्या घरीं वीस वर्षांपूर्वीं भाजलेल्या लग्नाच्या चकत्या असतील त्यांनीं त्या आजच काढून, वाचणारें यंत्र कोणाकडे असेल तेथून आणून, दुसरीकडे उतरून घ्याव्या. घरीं भाजलेल्या चकतीचा रंगाचा थर विटत जातो आणि कोंकणपट्टीच्या हवेंत बुरशीही धरते.

आतां खरेदीविषयीं. पुष्कळ वाचक विचारतात कीं, कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी? फिरत्या चकत्यांच्या डिस्का बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या आज जगांत तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाहेरील डबीवर नांव कोणाचेंही असो, आंतील डिस्क या तिघांपैकींच एकाची असते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांचे बॅकअप संभाळण्याचा धंदा करते व आपल्या लक्षावधि डिस्कांपैकीं किती बिघडल्या याचे आंकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांवरून वर्षास शंभरांत एक ते दोन डिस्का बिघडतात असें साधारण मान दिसतें. यांतही कंपनीकंपनींपेक्षां एकाच कंपनीच्या निरनिराळ्या नमुन्यांतील फरक कधीं कधीं अधिक असतो. म्हणून ‘अमुक कंपनी विश्वासू’ या बोलण्यास आम्ही फारशी किंमत देत नाहीं. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं एका कंपनीचा निषेध म्हणून दुसऱ्या कंपनीच्या दोन डिस्का एकाच दिवशीं एकाच दुकानांतून आणल्या गेल्या. त्याऐवजीं दोन निरनिराळ्या कंपन्यांची एकेक आणली असती तर एकाच खेपेच्या मालांतील एकच खोड दोहोंस भोंवण्याचें भय टळलें असतें.

डिस्क बिघडण्यापूर्वीं स्वतः इशारा देईल, या भरंवशावरही राहूं नये. तसा इशारा देणारी योजना प्रत्येक डिस्कमध्यें असते खरी. पण गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली तींत, बिघडलेल्या डिस्कांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक डिस्कांनीं कसलाही इशारा दिला नव्हता, असें आढळून आलें.

डिस्कवर जो हमीचा काळ छापलेला असतो त्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. दोन किंवा तीन वर्षांची हमी म्हणजे डिस्क बिघडल्यास बदली डिस्क मिळेल एवढेंच. आंतील मजकुराची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाहीं, व आमच्या घरीं झाली तशी पडझड तर हमींत बसतच नाहीं.

दुसरी एक बारीक गोष्ट. एक टेराबाइटची डिस्क आणून जोडली कीं संगणक ९३१ गिगाबाइट दाखवितो, आणि घरांतील वडील मंडळींस दुकानदारानें मापांत मारल्याचा संशय येतो. तसें नाहीं. कंपनी एक लक्ष कोटी बाइटांस टेराबाइट म्हणते आणि संगणक १०२४ च्या पटींनीं मोजतो. शेर आणि किलो यांच्यासारखा हा मापाचा फरक आहे. जागा किती घ्यावी म्हणाल, तर आज घरांत जेवढा मजकूर आहे त्याच्या निदान दुप्पट. केवळ लेखन असेल तर चिंताच नको. देवनागरीचें एकेक चिन्ह बहुधा तीन बाइट घेतें, तरीही काकांचा अकरा वर्षांचा कुलवृत्तांत एका लहानशा व्हिडिओपेक्षां कमी जागेंत मावतो. जागा खातात ते व्हिडिओ.

स्वस्त व मोठ्या डिस्कांमध्यें हल्लीं एक कौलारू पद्धत वापरतात. मजकुराच्या रेघा कौलांप्रमाणें एकमेकींवर किंचित् चढवून लिहिल्यामुळें तेवढ्याच चकतींत अधिक मावतें, पण मधलें एक कौल बदलावयाचें तर शेजारचींही उचलावीं लागतात, व लिहिण्याचा वेग मंदावतो. २०२० सालीं कांहीं कंपन्यांनीं ही गोष्ट गिऱ्हाइकांस स्पष्ट न सांगतां अशा डिस्का विकल्याचें उघडकीस आल्यावर बराच गवगवा झाला होता. घरीं महिन्यांतून एकदां प्रत काढून ठेवणारास यापासून विशेष अपाय नाहीं. प्रत काढतांना डिस्क मध्येंच रेंगाळली तर ती बिघडली असें समजून घाबरूं नये, इतकेंच. याहून डिस्कची वायर व तिची खोबण यांकडे अधिक लक्ष द्यावें. आमच्या पाहण्यांत आलेल्या ‘बिघडलेल्या’ डिस्कांपैकीं कित्येकींचा दोष वायर बदलतांच नाहींसा झाला आहे.

क्लाउडविषयीं घरोघर दोन टोंकांचीं मतें आढळतात. तरुणांस वाटतें, सगळें तेथें आहेच. वडिलांस वाटतें, आपले कागद परक्याच्या घरीं कशाला? खरें पाहतां घराबाहेरील प्रत म्हणून क्लाउड अतिशय सोईचा आहे, परंतु तो एकटा पुरेसा नाहीं. गूगलनें छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, आणि दोन वर्षें कोणी न उघडलेलीं खातीं काढून टाकण्याचा नियम २०२३ सालीं केला. घरांतील एखादी वृद्ध व्यक्ति वारल्यावर तिच्या खात्याचें काय होतें याचा विचार त्यावरून करावा. दुसरें असें कीं, मोबाइलमधून पुसलेलें छायाचित्र क्लाउडवरूनही पुसलें जावें अशीच पुष्कळ ठिकाणीं योजना असते. हा आरसा झाला, राखीव प्रत नव्हे. शिवाय वीस मेगाबिट वेगानें पांचशें गिगाबाइट मजकूर वर चढवावयाचा तर अखंड सव्वादोन दिवसांहून अधिक काळ लागतो. तेव्हां कुलवृत्तांत, दस्तऐवज व निवडक छायाचित्रें क्लाउडवर, आणि सगळें समग्र डिस्कवर, अशी वांटणी आम्हांस व्यवहार्य वाटते.

घराबाहेरची प्रत कशाला, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं पुण्यांतील नदीकांठच्या पेठांतील जुन्या रहिवाशांस १२ जुलै १९६१ ची सकाळ विचारावी. पानशेतचें धरण फुटलें त्या दिवशीं मूळ कागद आणि त्यांच्या नकला एकाच माडीवर असलेल्या घरांचें दोन्ही एकदमच गेलें. चिपळूणकरांस तर इतकें मागें जाण्याचीही गरज नाहीं. जुलै २०२१ चा महापूर त्यांच्या डोळ्यांपुढें आहे. एकत्र कुटुंबांस या बाबतींत मोठी सोय आहे. लेक सासरीं आहे, धाकटा मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं आहे. दिवाळीस व भाऊबिजेस येणें-जाणें होतेंच. एक डिस्क तिकडे, एक इकडे, आणि भेटीच्या वेळीं अदलाबदल. टपालखर्चही नाहीं.

एक डिस्क संगणकास अष्टौप्रहर जोडलेली ठेवण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय या नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें जगभरच्या संगणकांतील फाइली कुलुपबंद करून पैसे मागितले. असले प्रोग्राम संगणकास त्या वेळीं जोडलेल्या डिस्कांसही सोडीत नाहींत. कपाटांत निवांत पडलेल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोंचत नाहीं.

आमच्या घरीं आतां जी व्यवस्था आहे ती सांगून पुरे करतों. निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन हार्डडिस्का आहेत. दोहोंवर चिठ्ठी लावून घेतल्याची तारीख लिहिली आहे. एक काकांच्या कपाटांत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत असते, दुसरी आत्याबाईंकडे सांगलीस. महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या प्रत काढतो, व काढल्यावर कोणतीही पांच छायाचित्रें आणि एखादा व्हिडिओ त्या डिस्कवरूनच, दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवितो. हें उघडून दाखविणें काकांनीं सक्तीचें केलें आहे. पिक्सारची गोष्ट त्यांनीं फार मनावर घेतली. दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या वेळीं वह्यापुस्तकांबरोबर दोन्ही डिस्का पाटावर मांडतात, तेव्हांच सांगलीची व घरची यांची अदलाबदल होते. पांच वर्षें झालेली डिस्क चालत असली तरी तिच्या जागीं नवी आणावयाची असें ठरलें आहे. डिस्कांना परवलीचा शब्द घातला आहे, कारण त्यांत सर्वांचे बँकेचे कागद आहेत. तो शब्द एका लिफाफ्यांत लिहून मृत्युपत्राशेजारीं ठेवला असून तो कोठें आहे हें काकू व वहिनी या दोघींस ठाऊक आहे. परवलीचा शब्द एकट्या पुरुषाच्या डोक्यांत ठेवून गेलेलीं घरें आम्हांस माहीत आहेत.

आजीचे नऊ तुकडे आतां पांच ठिकाणीं आहेत. ती पडलेली जुनी डबी मात्र काकांनीं अजून टाकूं दिलेली नाहीं. इतरांस आमची सूचना अशी कीं, निकामी झालेली डिस्क तशीच भंगारवाल्यास देऊं नये. चालत असेल तर तिच्यावर सर्वत्र नवा मजकूर लिहवून आणि चालत नसेल तर आंतील चकत्यांस भोंकें पाडवून मग द्यावी, म्हणजे आपल्या घरचे कागद दुसऱ्या कोणाच्या वाचनांत येणार नाहींत.